नाताळचा आनंद २५ तारखेलाच का विझतो? आगमनकाळ ते ६ जानेवारी, रोजचा क्रम

उषःप्रभा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. सजावट झाली, गाणी चालू आहेत, उपासनेला जाणंही होतंय, पण आत काही हलत नाही. प्रार्थनेला बसलं की उरलेल्या कामांची यादी डोळ्यांपुढे येते, आणि २६ तारखेला नुसता शीण उरतो. मग माणूस स्वतःलाच विचारतो, माझा विश्वास आटला की काय?

मला वाटतं, बऱ्याचदा विश्वास जागेवरच असतो, क्रम उलटा झालेला असतो. मंडळीच्या (चर्चच्या) दिनदर्शिकेत आधी वाट पाहणं आहे आणि मग सण. वाट पाहण्याचा हा काळ, म्हणजे आगमनकाळ, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही पडतो, म्हणून आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८. सण सुरू होतो २४ च्या संध्याकाळी, आणि तिथून बारा दिवस चालून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, बाळ येशूच्या दर्शनाला आले तो सण) पोचतो. आपण नोव्हेंबरअखेरीस सण सुरू करतो आणि २५ च्या दुपारी आवरतो. म्हणजे वाट पाहायची राहून जाते आणि बारा दिवसही हातचे जातात. आनंदाला जागाच उरत नाही.

लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय हातात पेन घेऊन वाचा आणि जिथे जिथे आनंद, उल्लास, हर्ष येतो तिथे खूण करा. १:१४ मध्ये (म्हणजे अध्याय १, वचन १४) जखऱ्याला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांना, आनंदाचं वचन मिळतं. १:४४ मध्ये जखऱ्याची बायको अलीशिबा हिच्या उदरातलं बाळ उल्लासाने उडी मारतं. १:४७ मध्ये मरीयेचा आत्मा उल्लासतो, १:५८ मध्ये शेजारीपाजारी आनंद करतात, २:१० मध्ये मेंढपाळांना ‘मोठ्या आनंदाची’ सुवार्ता मिळते. आता दुसऱ्या रंगाने ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’ यांवर खूण करा. ती तीन ठिकाणी येते: १:१३, १:३० आणि २:१०. तिन्ही वेळा माणसं आधी घाबरलेली आहेत आणि आनंद नंतर आला आहे. कुणीही आधीपासून प्रसन्न मनाने तयार बसलेलं नव्हतं. हे दोन रंग पानावर शेजारी शेजारी दिसले की ‘मला आतून काही वाटत नाही’ याचा अर्थच बदलतो.

रोजच्यासाठी पंधरा मिनिटं पुरेत. वाटणी अशी:

पहिलं मिनिट दिवा किंवा मेणबत्ती लावून गप्प बसायचं. पुढची तीन मिनिटं ठरलेला उतारा मोठ्याने दोनदा वाचायचा. उतारा दहा ते वीस वचनांचा असावा, जास्त नको. नंतर पाच मिनिटं त्यातला जो शब्द अडकला तेवढाच धरून ठेवायचा. त्याचा अर्थ खणत बसायचं नाही, तो शब्द आज कुणाला लागू पडतो एवढंच पाहायचं. मग चार मिनिटं देवाशी बोलायचं, ज्या भाषेत आईशी बोलतो त्या भाषेत. शेवटची दोन मिनिटं पुन्हा शांत. बाराव्या शतकातल्या गीगो दुसरा या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या, त्याच या. फक्त घड्याळात बसवलेल्या.

बिघडतं कुठे, तर पहिल्याच दिवशी पाऊण तास ठरवण्यात. चौथ्या दिवशी जमत नाही, पाचव्या दिवशी अपराधी वाटतं, सहाव्या दिवशी पुस्तक उघडतच नाही. दुसरी चूक फोनवर वाचण्याची. उतारा कागदावरच हवा. वरून एखादा संदेश सरकत आला की मघाशी सांगितलेली पाच मिनिटं गेलीच म्हणून समजा.

जाणकारांनी भर घालावी. मेणबत्त्यांबद्दल वातीची_राखण यांनी लिहावं ही खास विनंती.

---

लूकवाचक

उत्तम धागा. वाचनक्रमाबद्दल थोडी भर.

लूकचे २४ अध्याय आणि १ ते २४ डिसेंबर, रोज एक अध्याय, ही पद्धत खूप चालते. सोपी आहे, आणि एक फायदा मोठा आहे: २४ ला आपण चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी पोचतो आणि तिथे शिष्य ‘मोठ्या आनंदाने’ यरुशलेमेस परत जातात (२४:५२). मूळ ग्रीकमध्ये मेंढपाळांना सांगितलेला आणि शिष्यांना मिळालेला आनंद एकाच शब्दजोडीने सांगितला आहे, ‘मोठा आनंद’. गव्हाणीपाशी दिलेला शब्द पुनरुत्थानानंतर पुरा होतो. लूकने पुस्तकाची दोन्ही टोकं एका गाठीने बांधली आहेत.

तोटाही आहे. जन्माची कथा २ तारखेलाच वाचून होते आणि २२-२३ तारखेला आपण वधस्तंभापाशी असतो. पहिल्या अध्यायात ८० वचनं आहेत, दुसऱ्यात ५२. एका बैठकीत त्यांचं मनन होत नाही, नुसतं वाचन होतं. ज्यांना हे खटकतं त्यांनी आठ दिवसांचा क्रम धरावा. कॅथलिक मंडळीच्या मिस्सा-वाचनांत (मुख्य उपासनेत वाचायच्या उताऱ्यांत) तो तयारच आहे:

१७ डिसेंबर: मत्तय १:१-१७, वंशावळ
१८: मत्तय १:१८-२४, योसेफाचं स्वप्न
१९: लूक १:५-२५, जखऱ्या
२०: १:२६-३८, मरीयेला निरोप
२१: १:३९-४५, अलीशिबेची भेट
२२: १:४६-५६, मरीयेचं गीत
२३: १:५७-६६, योहानाचा जन्म
२४ सकाळी: १:६७-७९, जखऱ्याचं गीत

मधे रविवार आला तर उपासनेत त्या रविवारचं वाचन असतं. घरी मात्र हाच क्रम चालू ठेवायला हरकत नाही.

वंशावळ गाळू नका. नुसती नावं म्हणून ती टाळली जाते, पण त्यात तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चौघीजणी आहेत. या चारही कथा आधी ठाऊक असतील तर पाचवं नाव, मरीयेचं, येतं तेव्हा अंगावर काटा येतो. एवढी नावं एका दमात वाचली तर काही हाती लागत नाही. तीन भागांत वाचा: अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास, बंदिवास ते ख्रिस्त. मत्तयाने स्वतःच चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग पाडले आहेत (१:१७). प्रत्येक भागानंतर थोडं थांबायचं.

---

वातीची_राखण

उषःप्रभाताई, आठवण काढलीत, आभार.

आगमनचक्राची घडण साधी आहे. हिरव्या पानांचं वर्तुळ, त्यावर चार मेणबत्त्या, मधे एक पांढरी. प्रचलित रंग तीन जांभळे आणि एक गुलाबी. काही मंडळ्यांत चारही निळ्या असतात, काहींत तांबड्या. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लागते आणि पांढरी २४ च्या रात्री. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या होत्या. मुलं ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ विचारायची, त्याचं ते उत्तर होतं.

आता मापं. दोन सेंटिमीटर जाडीची साधी मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर जळते. रोज पंधरा मिनिटं धरली तर २८ दिवसांच्या आगमनकाळात पहिली मेणबत्ती सात तास जळणार, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. दुसरी सव्वापाच तास, तिसरी साडेतीन, चौथी पावणेदोन. म्हणून २५ सेंटिमीटर उंचीच्या घ्या. २० च्या घेतल्यात आणि एखाद्या दिवशी जास्त वेळ बसलात, तर पहिली शेवटच्या आठवड्यात पानांना टेकते. आग लागण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो, कारण तोवर पानंही वाळलेली असतात.

बाकीच्या काळज्या:

– वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवावी. लांब वात काजळी धरते आणि ज्योत नाचते.
– एका बाजूनेच मेण ओघळत असेल तर वारा लागतोय. मेणबत्तीला दोष न देता जागा बदला.
– बुडाशी धातूची किंवा मातीची वाटी हवी. प्लॅस्टिकची चालत नाही, तळ तापतो.
– ज्योत आणि पान यांत कमीत कमी पाच सेंटिमीटर अंतर. पानं आठवड्याला बदला.
– फुंकर मारली की वितळलेलं मेण उडतं. छोटी वाटी उपडी धरून विझवा.
– खोलीत कुणी नसेल तर मेणबत्ती जळत ठेवायची नाही. इस्पितळात, वसतिगृहात ज्योतीला परवानगी नसते, तिथे बॅटरीची मेणबत्ती लावा. त्याने प्रार्थनेत उणं काही येत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहा. २४ च्या रात्री पांढरी मेणबत्ती लावण्याआधी चक्राकडे बाजूने बघा. वरच्या हिशेबाने पहिली साडेसात सेंटिमीटर उरलेली असते, दुसरी बारा, तिसरी सोळा, चौथी साडेवीस. उतरता जिना दिसतो. चार आठवडे वाट पाहिली, ती डोळ्यांना दिसते. म्हणून विझलेल्या, लहान झालेल्या मेणबत्त्या शेवटच्या दिवशी नव्याने बदलू नका. ‘फोटोत बरं दिसत नाही’ म्हणून त्या बदलल्या जातात, आणि जे दिसायला हवं तेच नाहीसं होतं.

---

पाखरू

छान माहिती. एक शंका. रात्रपाळी असणाऱ्यांनी किंवा लहान बाळ असलेल्या आईने काय करावं? पंधरा मिनिटं सलग मिळतच नाहीत.

---

उषःप्रभा

पाखरू, वेळ घड्याळाशी न बांधता एखाद्या कामाशी बांधावी. बाळाला पाजताना, पाळीवरून आल्यावर पाय धुतल्यानंतर, अशी. ‘सकाळी सहा’ चुकतं, ‘पाय धुतल्यावर’ चुकत नाही. पंधराचे तीन तुकडे करा: वाचन एकदा, तो एक शब्द दिवसभर, आणि झोपताना बोलणं. वाचायलाही हात मोकळा नसेल तर लूक २:१४ तेवढं पाठ करा. देवाला गौरव, पृथ्वीवर शांती, दोन ओळींचं आहे.

आणि मेंढपाळ रात्रपाळीवरच होते हे विसरू नका. लूक २:८ मध्ये ते रात्री आळीपाळीने कळप राखत आहेत. निरोप त्यांना कामावर असतानाच मिळाला. २:२० मध्ये ते परत जातात, कामावरच.

---

शांतजल

धागा वाचतोय आणि एक गोष्ट खुपतेय. आतून काही वाटत नसताना तोंडाने आनंदाची गीतं म्हणणं हा दांभिकपणा होत नाही का?

---

पायवाट

शांतजल, प्रश्न रास्त आहे. दांभिकपणा तेव्हा होतो जेव्हा नसलेली भावना आहे असं दुसऱ्याला दाखवायचं असतं. गीत हे भावनेचा दाखला नाही, ते बातमी सांगणं आहे. बातमी सांगणाऱ्याला ताप असला तरी बातमी खरीच राहते.

तिसऱ्या रविवारकडे बघा. त्याला लॅटिनमध्ये ‘गौदेते’ म्हणतात, म्हणजे ‘आनंद करा’. नाव फिलिप्पैकरांस पत्र ४:४ वरून आलंय, आणि ते पत्र पौलाने बेड्यांत असताना लिहिलं (१:१३). मिस्सा-वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. अ वर्षात या आनंदाच्या रविवारी कोणतं शुभवर्तमान वाचतात? मत्तय ११:२-११. योहान तुरुंगात आहे आणि शिष्यांकरवी विचारतो, जो येणार तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेकाठी बोट दाखवून ओळख करून दिली, त्यालाच शंका आली. मंडळीने ही शंका गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी वाचायला ठेवली आहे. येशू योहानाला रागावत नाही. जे पाहता आणि ऐकता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो, आणि शिष्य परतल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी गातो.

कोरड्या काळासाठी लोयोलाच्या संत इग्नाशियसचे दोन नियम फार उपयोगी आहेत. पहिला: मन उदास, कोरडं असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. १ तारखेला पंधरा मिनिटं ठरवली असतील तर १४ तारखेच्या कोरड्या संध्याकाळी ‘याचा काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष काढायचा नाही. दुसरा: अशा वेळी उलट ठरल्यापेक्षा थोडं जास्त बसावं. पंधराऐवजी सोळा. एक मिनिट, पण ते आपण कोरडेपणाच्या हातात सुकाणू न दिल्याची खूण असते.

रात्रीची दिवसतपासणीही त्यांचीच, पाच पायऱ्यांची. देवाच्या समोर आहोत हे आठवणं आणि आभार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने पाहणं, चुकांची क्षमा मागणं, उद्यासाठी एक गोष्ट ठरवणं. दहा मिनिटं लागतात. डिसेंबरमध्ये तिसऱ्या पायरीला एकच प्रश्न जोडा: आज आनंद कुठून आला आणि कुठे गळाला? वहीत फक्त जागा किंवा वेळ लिहा, वर्णन नको. ‘दुपारी जिन्यात’, ‘जेवताना’. दहा दिवसांनी वही पाहिली की गळती नेमकी कुठे आहे ते कळतं, आणि ती बहुधा एकाच ठिकाणी असते.

वर्णन लिहायला लागलं की वही तीन दिवसांत बंद पडते.

---

स्तोत्र_१३

वरच्या सगळ्याशी सहमत, पण ज्यांच्या घरात यंदा मृत्यू झाला आहे, आजारपण आहे, नातं तुटलं आहे, त्यांच्यासाठी हा क्रम जसाच्या तसा चालणार नाही. त्यांना पहिल्या दिवशीच मरीयेचं गीत देऊ नका.

त्यांनी स्तोत्रसंहितेतल्या १३ व्या स्तोत्रापासून सुरू करावं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि देवालाच विचारलेला आहे. पाचव्या वचनात वळण आहे. पहिला आठवडाभर फक्त पहिली चार वचनं वाचली तरी चालतील. पाचवं वाचायची घाई करू नये, ते आपोआप तोंडात येतं तो दिवस वेगळा कळतो. काहींना १३ वंही जड जातं. त्यांच्यासाठी ८८ वं आहे. त्यात वळणच नाही, ते अंधारात संपतं. तेही पवित्र शास्त्रातच आहे, आणि ते म्हणणारा माणूस शेवटपर्यंत देवाशीच बोलतो आहे.

नाताळच्या बारा दिवसांतही रडण्याला जागा ठेवलेली आहे. २६ डिसेंबर स्तेफनाचा, पहिल्या रक्तसाक्ष्याचा. २८ डिसेंबर हेरोद राजाने मारवलेल्या निष्पाप बालकांचा. त्या दिवशी मत्तय २:१३-१८ वाचतात: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन नको म्हणते आहे. मत्तयाने हे यिर्मया ३१:१५ मधून घेतलं आणि जन्मकथेच्या मधोमध ठेवलं. शोक करणाऱ्याला नाताळातून बाहेर काढण्याचं काही कारण नाही. २८ तारीख त्याचीच आहे.

बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोक करणाऱ्यांसाठी वेगळी उपासना होते. कुणाला ती घ्यायची असेल तर काही सूचना. चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. दोन गीतं पुरेत, तीही संथ. प्रवचन सात-आठ मिनिटांचं, आणि त्यात ‘पण आनंदी राहा’ हे वाक्य नको. मौन किती वेळ हे आधी सांगा, ‘आता तीन मिनिटं शांत बसू’. न सांगता मौन धरलं तर लोक अस्वस्थ होतात, काहीतरी चुकलं असं वाटतं. दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, कुणाला मधेच उठून जायचं असतं. नावं मोठ्याने वाचणार असाल तर आधी घरच्यांना विचारा. आणि शेवटी दारात हस्तांदोलनाची रांग लावू नका. ज्याला बोलायचं आहे तो थांबतो.

---

शांतजल

पायवाट, स्तोत्र_१३, दोघांचेही मनापासून आभार. तुरुंगातून विचारलेला प्रश्न आनंदाच्या रविवारी, हा संबंध कधी लक्षातच आला नव्हता. ८८ वं आज वाचतो.

---

लूकवाचक

स्तोत्र_१३ यांच्या प्रतिसादाला +१. ‘कोठवर’ हा खरं तर सगळ्या आगमनकाळाचाच शब्द आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी एक जुनी गोष्ट. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरीयेच्या गीताआधी ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारण्याची पद्धत आहे. क्रम असा: १७ हे ज्ञाना, १८ हे प्रभू, १९ हे इशायाच्या (दावीदाच्या बापाच्या) मुळा, २० हे दावीदाच्या किल्ली, २१ हे उगवत्या प्रकाशा, २२ हे राष्ट्रांच्या राजा, २३ हे इम्मानुएल. प्रत्येक हाकेचा शेवट ‘ये’ या विनंतीत होतो. लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली की ‘एरो क्रास’ असं वाक्य बनतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. सात दिवस आपण ‘ये’ म्हणायचं, आणि सातव्या दिवशी त्याच हाकांतून उत्तर ऐकू यावं, अशी ती गुंफण आहे.

घरी करायचं तर नाव एका चिठ्ठीवर लिहा, खाली जुन्या करारातला संदर्भ. १९ साठी यशया ११:१, २० साठी यशया २२:२२, २१ साठी यशया ९:२, २३ साठी यशया ७:१४. नाव तीन वेळा म्हणा आणि मग ते नाव जिथे हवंसं वाटतं अशी एक जागा सांगा. किल्लीच्या दिवशी, कुठलं दार बंद आहे? लहान मुलंसुद्धा याला चटकन उत्तर देतात. त्यांना दिवसाला एकच प्रश्न विचारा. दुसरा विचारला की शाळा होते.

---

पाखरू

देण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. नाताळात दानधर्म खूप होतो, पण तो उरकल्यासारखा वाटतो.

---

उषःप्रभा

बरं झालं विचारलंत. लूक ३:१०-१४ काढा. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो कुणालाही उपवास वाढवा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कुणाला धाक घालून पैसे उकळू नयेत. हे क वर्षातल्या गौदेते रविवारचं वाचन आहे. आनंदाचा रविवार आणि अंगरख्यांचा हिशेब एकाच पानावर.

त्यातली अचूकता पाहा. दहातला एक द्या असं नाही, दोनातला एक. म्हणजे वापरातला. फाटका, घट्ट झालेला कपडा देणं म्हणजे कपाट आवरणं. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक वस्तू ठरवा जी अजून वापरात आहे, आणि ती दुसऱ्या आठवड्यात द्या. शेवटच्या आठवड्यावर टाकलंत की ती पिशवीत भरून दारापाशी पडून राहते. देताना नाव विचारा, आपलं सांगा, आणि त्या माणसाच्या नावाने त्या रात्री प्रार्थना करा. उरकल्यासारखं वाटतं त्याचं कारण बहुधा हेच, की घेणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊकच नसतं.

जकातदाराचा भागही सोडू नका. कुणाचे पैसे, पगार, उधारी थकली असेल तर भेटवस्तू घेण्याआधी ते चुकतं करा.

---

मागी_चौथा

२५ नंतरच्या बारा दिवसांचं कुणीतरी नीट लिहा. तिथेच सगळं ढेपाळतं.

---

वातीची_राखण

मी प्रयत्न करतो.

नाताळची वाचनं तीन वेळची आहेत. रात्री लूक २:१-१४, पहाटे २:१५-२०, दिवसा योहान १:१-१८. त्यांना जोडून स्तोत्रं ९६, ९७ आणि ९८. उपासनेत बहुतेकांचं यातलं एकच ऐकून होतं. उरलेली दोन घरी वाचा. पहाटेचं वाचन सर्वांत लहान आहे, सहा वचनं, आणि त्यात मरीयेबद्दलचं वाक्य येतं की तिने या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन केलं (२:१९). इथल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘तुकडे एकत्र आणणं’ असा आहे. मेंढपाळ बोलत सुटले होते आणि ती गप्प राहून जुळवाजुळव करत होती. ज्यांचा आनंद आवाज करत नाही त्यांनी ही जागा धरून ठेवावी.

पुढे: २६ स्तेफन, २७ प्रेषित योहान, २८ निष्पाप बालकं. २९ ला लूक २:२२-३५, मंदिरात बाळ येशूला हातात घेणारा शिमोन. ३० ला २:३६-४०, हन्ना, ८४ वर्षांची विधवा. ३१ ला पुन्हा योहान १:१-१८. १ जानेवारीला लूक २:१६-२१. २ ते ५ या चार दिवसांत घरी योहान १:१९ पासून अध्याय पुरा करा. ६ ला मत्तय २:१-१२.

पंधरा मिनिटं याही दिवसांत तशीच ठेवायची. जांभळ्या मेणबत्त्या काढून फक्त मधली पांढरी लावा. तिला बारा-तेरा दिवस पुरायचं आहे, म्हणजे सव्वातीन तास. जाड घेतली की प्रश्न मिटतो.

गव्हाणीचं दृश्य मांडत असाल तर बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवू नका. गव्हाणी रिकामी दिसू द्या. मागी लोकांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि २५ पासून रोज थोड्या पुढे सरकवा, ६ ला पोचतील अशा बेताने. मत्तयाने त्यांची संख्या दिलेली नाही, भेटी तीन आहेत एवढंच. बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत. ते यशया १:३ वरून आले: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाणी ओळखतं. १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली तेव्हा त्याने गवत, बैल आणि गाढव आणवले होते. ते वचन मांडणीशेजारी लिहून ठेवलंत तर ही दोन जनावरं नुसती शोभेची राहत नाहीत.

---

मागी_चौथा

धन्यवाद. मूर्ती रोज सरकवण्याचं काम मुलांना द्यावं का? आणि ६ जानेवारीला सगळं एकदम उचलायचं?

---

वातीची_राखण

मुलांनाच द्या, पण एका दिवशी एकाच मुलाने सरकवायचं, नाहीतर मागी लोक २७ तारखेलाच बेथलेहेमात पोचतात. आधी अंतर मोजून त्याचे बारा भाग करा आणि जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा.

६ ला लगेच आवरू नका. आधी मत्तय २:१२ पर्यंत वाचा. तिथे ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत जातात. वाचून झाल्यावर मागी लोकांच्या मूर्ती तोंड फिरवून दाराकडे वळवा आणि त्या रात्री तशाच राहू द्या. बाकी मांडणी दुसऱ्या दिवशी उचला. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वाटीत वितळवून नवी वात घातली की फेब्रुवारीत २ तारखेला, येशूच्या मंदिरातल्या समर्पणाच्या सणाला (शिमोनाची कथा त्याच दिवशी वाचतात), लावायला एक मेणबत्ती तयार होते. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवूनच वितळवायचं.